मानेवरचा हात

१८०१ च्या जानेवारीत तंजावरच्या सरफोजी राजांनी इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला एक पत्र लिहिलं. सव्वा वर्षापूर्वीच्या, १७९९ च्या तहानं राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता आणि राजांच्या हाती तंजावरचा किल्ला नि जुजबी सत्ता उरली होती. अशा वेळी एखादा तनख्याचं बोलला असता, मानपानाचं बोलला असता. सरफोजी बोलले छत्रांबद्दल, म्हणजे धर्मशाळांबद्दल. रामेश्वराच्या वाटेवर भोसल्यांनी बांधलेली, बहुतेक राण्यांच्या नावांची ती छत्रं आपल्याकडेच राहावीत, एवढंच मागणं. मग तिथं काय काय चालतं त्याचं वर्णन. वाटसरूंना अन्न मिळतं. वेद शिकवणारे आहेत, पंतोजी आहेत. बाळंतिणीला तीन महिने राहता येतं. अनाथ पोरांना तिन्ही वेळा जेवण आणि चार दिवसांनी एकदा अंगाला तेल. आणि वैद्य आहेत: रोग बरे करणारे, सूज उतरवणारे, सापाच्या विषावर इलाज करणारे.

या यादीतली सूज मला फार विचारात पाडते. रोग म्हटल्यावर त्यात सूज आलीच की. तरी तिचा वेगळा उल्लेख करावासा वाटला. साप चावला तर माणूस आरडाओरडा करत येतो, तापानं फणफणला तर त्याला उचलून आणतात. सूज आलेला माणूस मात्र आपल्या पायांनी चालत येतो, जेवतो, पुढच्या गावाला निघायची तयारीही करतो, आणि मध्येच कोपऱ्यात बसून मानेला हात लावून बघतो. त्याच्यासाठीही कुणीतरी नेमलेलं असावं, हा विचार ज्या कारभारात झाला तो कारभार मला शहाणा वाटतो.

तंजावरहून उत्तरेला दहा-बारा किलोमीटरवर तिरुवैयारु आहे. नावातच पाच नद्या आहेत, पण सकाळ उजाडते ती कावेरीवर. पुष्यमंडपाच्या पायऱ्यांवर आंघोळी चालतात, मागे पंचनदीश्वराच्या देवळात घंटा वाजत असते. मानेतली गाठ सापडते ती बहुधा अशाच वेळी. साबणाचा हात फिरताना, दाढी करताना, नाहीतर पोराच्या डोक्याला तेल चोळताना. छत्रातल्या त्या पोरांना दर चार दिवसांनी तेल लावणाऱ्या बाईच्या बोटांना कानामागच्या किती गाठी लागल्या असतील, असं मला कधी कधी वाटतं. तमिळ आई अशा वेळी ‘नेरी कट्टियिरुक्कु’ म्हणते आणि पोराच्या डोक्यात उवा, खरूज, गळू काही आहे का ते बघते. आपल्याकडची आजी पायाला ठेच लागून जांघेत गाठ आली की ‘अवधाण आलंय’ म्हणायची आणि आधी पायाची जखम धुवायची. दोघींनाही शरीरशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. गाठ जिथं दिसते तिथं दुखण्याचं मूळ नसतं, ते जवळपास कुठंतरी शोधायचं असतं, इतकं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बरोबरच होतं ते. शरीरात लसिकाग्रंथी सुमारे आठशे, त्यातल्या तीनशेच्या आसपास एकट्या मानेत. कारण उघड आहे. नाक, तोंड, घसा, दात, कान, डोक्याची कातडी या सगळ्यांमधून जे जे आत घुसतं त्याची झडती मानेत होते. जंतू आला की ग्रंथीतल्या पांढऱ्या पेशी भराभर वाढतात आणि ग्रंथी फुगते. म्हणजे फुगलेली ग्रंथी बहुतेक वेळा कामावर असते. घसा बरा होतो, ताप उतरतो, तरी ती लगेच आपल्या जागी जात नाही. तिला ओसरायला आठवडे लागतात. कधी कधी वाटाण्याएवढी होऊन ती जन्मभर तिथंच राहते, हलती, रबरासारखी, निरुपद्रवी. लहान मुलांच्या मानेत अशा दोन-चार ग्रंथी हाताला न लागल्या तरच नवल.

पण हे सगळं पुस्तकातलं झालं. पहाटे डोळे उघडायच्या आत ज्याचा हात मानेवर जातो त्याला ते माहीत असूनही उपयोगी पडत नाही. काल हरभऱ्याएवढी होती, आज मोठी लागतेय. डावीकडे आहे, मग उजवीकडेही असेल, बघू. उजवीकडेही काहीतरी लागतं. ते बहुधा जबड्याखालची लाळेची ग्रंथी असते किंवा कंठातल्या हाडाचं टोक, आणि ती दोन्ही जन्मापासून तिथंच होती. चार वेळा दाबली की जागा हुळहुळी होते. हुळहुळी झाली की दुखते. दुखली की खात्रीच पटते. बायको विचारते, ‘सारखा मानेला हात का लावताय?’ आणि नवरा म्हणतो, ‘काही नाही, अवघडलीय.’ मला या सगळ्यात हे ‘काही नाही’ सर्वांत घातक वाटतं. गाठीपेक्षाही.

माधवनिदानासारख्या जुन्या ग्रंथात गंडमाळेच्या गाठींचं माप बोराचं आणि आवळ्याचं दिलेलं आहे, आणि त्या काखेत, खांद्याला, मानेला, जांघेत येतात हेही. पुढे तिच्यावर कांचनार गुग्गुळ आला. आपल्याकडे ‘गंडमाळ’ नाहीतर ‘कंठमाळ’ म्हणून जे ओळखतात ते पुष्कळदा मानेतल्या ग्रंथींचा क्षय. गाठ एकटी राहत नाही, शेजारणींना चिकटते, माळेसारखी होते, पिकते, फुटते आणि महिनोन्महिने वाहत राहते. खेड्यापाड्यांत तिच्यावर बिब्ब्याचे डाग दिले गेले, लेप लावले गेले, मंत्र टाकले गेले. आपण त्याला हसायचं कारण नाही. याच रोगावर युरोपात काय चालत होतं ते पाहा.

तिकडे मानेतल्या या गाठींवर राजाच्या हाताचा गुण येतो अशी समजूत होती. इंग्लंड-फ्रान्सचे राजे रांगेनं रोग्यांना स्पर्श करत. दुसऱ्या चार्ल्सनं आपल्या कारकिर्दीत नव्वद हजारांवर लोकांना हात लावला असं मानतात. १७१२ साली लिचफिल्ड गावातून एका आईनं आपलं दोन-अडीच वर्षांचं पोर लंडनला नेलं आणि राणी ॲनचा हात त्याला लागला. राणीनं दिलेलं सोन्याचं पदक त्यानं पुढे जन्मभर गळ्यात वागवलं. गाठी काही गेल्या नाहीत, त्या कापाव्या लागल्या आणि व्रण राहिले. ते पोर म्हणजे इंग्रजीचा कोशकार सॅम्युअल जॉन्सन. नंतरच्या इंग्रज राजांनी हा प्रकार बंद केला, पण फ्रान्समध्ये १८२५ मध्ये दहाव्या चार्ल्सनं राज्याभिषेकानंतर रॅंस शहरात शंभराहून अधिक रोग्यांना स्पर्श केला.

त्याच १८२५ मध्ये तंजावरात सरफोजी राज्यावर होते. त्यांचा धन्वंतरी महाल चालू होता आणि आयुर्वेद, सिद्ध, युनानी नि इंग्रजी अशा चारही पद्धतींचे वैद्य तिथं कामाला होते. कुठल्या रोगावर कुठलं औषध चाललं त्याच्या नोंदी झाल्या, आणि अनुभवात उतरलेले इलाज तमिळ पद्यात बांधून ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ नावानं ठेवले गेले. डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं चित्रांसकट सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. राजाला शस्त्रक्रियेत रस होता, देवीच्या लसीत रस होता. पण माझ्या हाताला गुण आहे, रांग लावा, असं म्हणणाऱ्यांतला हा राजा नव्हता. रोग्याला हात लावायचा तो जाणत्यानं, आणि काय लागलं ते लिहून ठेवायचं. श्वार्ट्झ पाद्र्याच्या देखरेखीत वाढल्याचा हा परिणाम म्हणा, नाहीतर घरातच कारकुनी दप्तराची शिस्त होती म्हणून म्हणा. मला दुसरं कारण जास्त पटतं. मोडीत टिपणं ठेवणं ही मराठी राज्यांची जुनी खोड, इथं ती दुखण्यापर्यंत पोचली इतकंच.

पहाटे मानेवर जाणारा आपला स्वतःचा हात त्या फ्रेंच राजाच्या हातासारखा असतो. तो पुन्हा पुन्हा लागतो आणि प्रत्येक वेळी काहीतरी झाल्यासारखं वाटतं, पण कळत काहीच नाही. डॉक्टरचा हात दोन मिनिटं फिरतो आणि त्याला बरंच कळतं: गाठ मऊ आहे की दगडासारखी, सरकते की खाली घट्ट चिकटलेली, एकटी की चारजणींची माळ, जबड्याखाली की गळ्याच्या हाडाच्या वर. गळ्याच्या हाडावरच्या खोबणीतली गाठ बारीक असली तरी डॉक्टर ती हसण्यावारी नेत नाही, कारण छातीतल्या नि पोटातल्या रोगाची खबर कधी कधी तिथं येऊन धडकते. मग तो तोंड उघडायला सांगतो. आपण म्हणतो, ‘डॉक्टर, गाठ मानेत आहे.’ तरी तो बॅटरी घेऊन जिभेखाली, गालाच्या आत, दाढांमागे बघतो. जिथं पान-तंबाखू रोजची आहे तिथं तर त्यानं हे पाहिलंच पाहिजे. आणि कुंभकोणची पानं ज्या मुलखात पिकतात तिथंही ती आहे, सांगली-सोलापुराकडेही आहे.

किती दिवस वाट बघायची, हा खरा प्रश्न. सर्दी-घशाबरोबर आलेली गाठ दोन-तीन आठवड्यांत उतरणीला लागली तर तिला तिच्या वाटेनं जाऊ द्यावं. तेवढ्यात उतरली नाही, किंवा वाढत चालली, तर दाखवायची. कसलंही निमित्त नसताना आलेली, न दुखणारी गाठ दुखणाऱ्या गाठीपेक्षा लवकर दाखवायची. आपण नेमकं उलट करतो, ‘दुखत नाही ना, मग राहू दे’. संध्याकाळी बारीक ताप, रात्री अंथरूण भिजेल असा घाम, विनाकारण उतरलेलं वजन, महिनाभर बसलेला आवाज यातलं काही सोबत असेल तर आठवडेसुद्धा मोजत बसायचे नाहीत. आवाजाचं तिरुवैयारुत कुणाला सांगायला नको. पुष्य महिन्यात गवई-रचनाकार त्यागराजांच्या समाधीपाशी त्यांच्या पंचरत्न कृती गायला शेकडो गवई जमतात आणि जानेवारीतल्या त्या इवल्याशा गारठ्यातही गळ्याला मफलर गुंडाळून फिरतात. आपल्याला हसू येतं. पण गळ्याचं गाऱ्हाणं वेळच्या वेळी डॉक्टरकडे नेणाऱ्यांत गवयांचा नंबर बहुधा पहिला लागेल.

दाखवल्यावर पुढची पायरी पुष्कळदा सुईची. साध्या इंजेक्शनची बारीक सुई गाठीत घालून थोड्या पेशी काढतात आणि काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. क्षयाची शंका असेल तर त्याच नमुन्यावर जंतूची तपासणीही होते. ‘सुई लावली की गाठ पसरते’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. बोलणारा ते नेहमी दुसऱ्याच कुणाकडून ऐकलेलं सांगतो. त्या वाक्यानं सुया चुकल्या आणि रोग मात्र निवांत वाढले. दुसरी तेवढीच वाईट सवय म्हणजे औषधाच्या दुकानातून आपणच एखादं जोरकस प्रतिजैविक घेऊन बघायची. त्यातली काही औषधं क्षयाला थोडी दाबतात, बरी मात्र करत नाहीत, आणि मग तपासणीत तो सापडायलाही उशीर लागतो.

क्षय निघाला तर? ‘क्षय’ म्हटल्यावर घरात जो सन्नाटा पसरतो तो अजून गेलेला नाही, विशेषतः मुलगी लग्नाची असेल तर. म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं की निव्वळ मानेतल्या ग्रंथींचा क्षय, फुप्फुसात काही नसेल तर, सहसा शेजारी बसलेल्याला लागत नाही. ताट-वाटी वेगळी करण्याचं काहीएक कारण नाही. उपचार नेहमीच्या रुग्णाला सहा महिन्यांचा, सरकारी केंद्रातून फुकट, आणि पोषणासाठी २०२४ च्या नोव्हेंबरपासून महिन्याला हजार रुपये. हे सहा महिने घरी राहून, कामावर जाऊन काढता येतात याचं मोठं श्रेय तमिळनाडूकडेच जातं. मद्रासला १९५६ मध्ये निघालेल्या क्षयोपचार केंद्रानं झोपडपट्टीतले रुग्ण निम्मे सॅनेटोरियमात आणि निम्मे त्यांच्या घरी ठेवून पाहिले आणि औषध नीट घेतलं तर घरचा रुग्णही तितकाच बरा होतो हे १९५९ मध्ये दाखवून दिलं. तोवर क्षयाचा अर्थ होता मिरज, पाचगणी, मदनपल्ली, आणि स्वतःच्या माणसांपासून लांबची एक खाट. पुढे याच केंद्रानं मानेत क्षयाच्या गाठी झालेल्या मुलांवर सहा महिन्यांच्या उपचाराचाही अभ्यास केला.

खरी कसोटी मात्र उपचाराच्या मध्यात येते. औषध सुरू होऊन दीड-दोन महिने झाले, वजन वाढतंय, ताप गेलाय, आणि अचानक गाठ पहिल्यापेक्षा मोठी होते किंवा शेजारी नवी उगवते. काही रुग्णांत हे होतंच. जंतू मरत असतात आणि मेलेल्या जंतूंवर शरीराची प्रतिक्रिया उसळते. डॉक्टर तपासून बहुतेक वेळा तीच औषधं पुढे चालू ठेवतो. पण त्या सकाळी हात मानेवर गेलेल्या माणसाला हे कुणी आधी सांगितलेलं नसेल तर तो सरळ अर्थ काढतो: औषध लागू पडत नाही. गोळ्या सुटतात, कुणीतरी सांगितलेला वैद्य गाठला जातो. सहा महिने पुरे झाल्यावरही एखादी बारकी गाठ मागे राहते, तिलाही तोच दगा समजतात. म्हणून मला वाटतं, गोळ्यांच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरनं हे दोन्ही सांगून टाकावं आणि त्यानं नाही सांगितलं तर आपण विचारावं. पुढे काय काय होऊ शकतं हे कळलेली भीती निदान त्या माणसाला गोळ्या तरी गिळू देते.

आणि निघालं दुसरंच काही? लसिकाग्रंथींचा कर्करोग, तोंडाचा, थायरॉइडचा? निघतो, काहींना निघतो. त्याचं खोटं सांत्वन करण्यात अर्थ नाही. पण त्यातल्या कित्येकांवर आज चांगले इलाज आहेत, आणि जवळजवळ सगळ्यांमध्ये लवकर आलेल्याला अधिक वाव मिळतो. त्यामुळे भिऊन घरी बसलेल्याचं गणित दोन्ही बाजूंनी चुकतं: गाठ साधी असेल तर महिने फुकट काळजीत गेले, साधी नसेल तर तेच महिने रोगाला मिळाले.

त्यागराज तिरुवैयारुत राहिले ते सरफोजींच्याच काळात. दरबाराचं बोलावणं त्यांनी धनासह परतवलं अशी आख्यायिका आहे आणि आपल्याला ती प्रिय आहे, कारण तिच्यात गवई राजापेक्षा मोठा ठरतो. मला त्या आख्यायिकेशेजारी छत्र ठेवून बघायला आवडतं. दरबाराला नाही म्हणता येतं, नाही म्हणण्यात तेजही आहे. सुजलेली मान घेऊन छत्राच्या दारात उभ्या राहिलेल्या वाटसरूला मात्र असला बाणा परवडत नाही, आणि त्यानं तो दाखवावा अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. त्याला जेवायला वाढत, औषध-पथ्य देत, बरा होईपर्यंत मायेनं ठेवून घेत. सरफोजींच्या पत्रात हेही नमूद आहे. पुष्कळ शिकलेली माणसं मानेतल्या गाठीपुढे मात्र त्यागराजाचा आव आणतात: डॉक्टरकडे जाणार नाही, कुणापुढे हात पसरणार नाही, बघू काय होतं ते.

तर आज सकाळी ज्याचा हात मानेवर गेला असेल त्यानं एवढं करावं. गाठ पहिल्यांदा कधी लागली ती तारीख कॅलेंडरवर लिहावी. दाबणं थांबवावं, फार तर आठवड्यातून एकदा, एकाच बोटानं. घरातल्या एका माणसाला सांगावं, आणि ‘काही नाही’ हे शब्द न वापरता सांगावं. दोन-तीन आठवडे होऊन गेले असतील तर जवळच्या सरकारी किंवा ओळखीच्या दवाखान्यात जाऊन मान दाखवावी, तंबाखू खात असाल तर तेही न विचारता सांगावं. तिरुवैयारुच्या माणसाला तंजावरचं मेडिकल कॉलेज बसनं तासाभराच्या आतलं आहे, आपल्यापैकी बहुतेकांना जिल्ह्याचं रुग्णालय फारसं लांब नसतं. सुईचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. तो आणायला एकट्यानं जाऊ नये, कुणाला तरी बरोबर न्यावं, कारण डॉक्टर जे बोलतो त्यातलं निम्मं भ्यालेल्या माणसाच्या कानात शिरत नाही.